बसला

पुष्पाने जॅकचा दांडा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि गाडीखालून रोहिदासचा आवाज आला.

"अर्धा! अर्धा म्हटला ना मी?"

तिने दांडा घाईघाईने सोडला. चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवण्यात तिची चौदा वर्षं गेली होती, पण या दांड्याचा अर्धा नेमका कुठे संपतो ते तिला सकाळपासून उमगलं नव्हतं. दांडा दाबला की जॅकवरची फळी वर जाई, फळीवरचा गिअरबॉक्स वर जाई, आणि त्या गिअरबॉक्सला बिलगून तिचा नवरा गोणपाटावर उताणा पडलेला होता. तिला दिसत होते ते फक्त त्याचे पाय, अनवाणी आणि टाचांना भेगा पडलेले. खळ्यावर चप्पल घालून यायचं नाही हा सासूचा नियम गाडीच्या कामालाही लागू होता.

"आता?" तिने विचारलं.

"आता थांब. जरा श्वास घे."

हे तो स्वतःला म्हणाला की तिला, कळलं नाही. श्वास मात्र तिने मघापासून धरूनच ठेवला होता.

गाडी जुनी होती, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. कधीकाळी ती लाल होती. लोक तिला स्पोर्ट्स कार म्हणतात, असं रोहिदासने घरच्यांना सांगितलं होतं. ठाण्याच्या गॅरेजात त्याने दहा वर्षं काढली, त्या दहाही वर्षांत ही गाडी कुठल्या ना कुठल्या दुखण्यासाठी त्याच्याकडेच यायची. पुढे गाडीचा मालक म्हातारा झाला, परदेशात मुलाकडे राहायला गेला, आणि जाताना गिअरबॉक्स उतरवलेली ती गाडी "तूच ने, तुझाच जीव आहे तिच्यावर" असं म्हणून देऊन गेला. टेम्पोवर चढून ती घाटाने जव्हारला आली आणि तिथून साखरशेतच्या पाड्यावर उतरली, तेव्हा सगळा पाडा बघायला लोटला होता. शेजारच्या नवसूकाकाने गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "बसायला दोन जण नि घरात खाणारी पाच. बाकीच्या तिघांनी काय मागून पळायचा?" सासूने, माघीने, तर तोंडावर सांगितलं होतं की नाकापेक्षा मोती जड झाला.

रोहिदास हसला होता. जव्हारच्या एसटी स्टँडाजवळ त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पण ते मोटारसायकली आणि जीपगाड्यांपुरतं. तिथे ही बाईसाहेब मावेना. घराजवळ सपाट आणि टणक जमीन एकच, भात झोडायचं खळं. तेव्हा खळ्याच्या एका कडेला गाडी आणि दुसऱ्या कडेला भाताचे भारे, अशी वाटणी झाली. माघीने ती मान्य केली, कारण मुलगा चौथ्यांदा विचारायला आला होता.

"दहा वर्षं तिच्या खाली लोळलो," तो म्हणाला होता. "एक डाव तिच्यात बसून घाट उतरायचा हाय."

हौसेला मोल नाही, हे पुष्पालाही कबूल होतं. तिला कबूल नव्हते ते ओंडके. चार चाकांच्या जागी गाडीखाली चार ठिकाणी ऐनाचे ओंडके रचले होते, दोन आडवे, त्यांवर दोन उभे. मागचे ठीक होते. पुढच्या उजव्या बाजूला मात्र सगळ्यांत वर एक गोल ओंडका होता आणि तो हलू नये म्हणून दोन्हीकडून दगड लावले होते.

"हा गोल कशाला?" तिने सकाळीच विचारलं होतं.

"चपटा मिळाला नाय. दगड लावलेत ना."

"दगड निघाला तर?"

"एक टन वजन हाय वर. कुठं जातो दगड?" मग तो हसला होता. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हा असा."

सकाळपासून तिच्या पोटात गोळा आला होता. भाकरी समोर घेऊन तिने नुसतीच मोडली होती आणि डोकं दुखतंय असं सासूला सांगितलं होतं. रविवार होता, शाळा नव्हती. शाळा असती तर हे काम नवसूकाकाच्या गळ्यात पडलं असतं आणि तिला काही बघावं लागलं नसतं. पण तेही नको होतं. तिच्या पाठीमागे काही झालं असतं, तर ते कुणीतरी धावत येऊन शब्दांत सांगितलं असतं, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त धास्ती होती.

"पुष्पा."

"काय?"

"आता पाव. पावच हां."

तिने पाव दाबला. तिच्या मते तो पाव होता.

"हां. मी आता शाफ्ट फिरवून बघतो. क्लचप्लेटच्या दात्यात दाता गेला पाहिजे. गेला की आपोआप आत सरकंल. तू हात लावू नको कशाला."

तिने दांड्यावरचे हात काढून मांडीवर ठेवले. गाडीच्या पलीकडे, खळ्याच्या त्या कडेला झोडणी चालू होती. भाताच्या पेंढ्या दगडावर आपटल्याचा आवाज एका तालात येत होता. मध्येच झोडणीला आलेल्या कमूचं हसणं, नवसूकाकाचा खोकला. उन्हात भुसा उडत होता आणि तिच्या घामेजल्या मानेला चिकटत होता. रोज याच आवाजाने तिला बरं वाटायचं.

गाडीखाली लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. रोहिदासने दातांतल्या दातांत कुणाच्या तरी आईचा उद्धार केला. पुन्हा घासलं. त्याचे पाय ताणले गेले, टाचा जमिनीत रुतल्या. मग एकदम खट्ट झालं, दोन्ही पाय हिसका बसल्यासारखे उडाले, आणि आतून दबलेला, छातीतून पिळून निघाल्यासारखा आवाज आला.

"बसला!"

गाडीखालून येणाऱ्या आवाजाला चेहरा नसतो. तो आनंदाचा की मरणाचा, हे बाहेरच्याने ठरवायचं. आणि या डोंगरात तो शब्द कुणी ओरडला तर ठरवायला काही उरत नाही. इथे पावसात घराची भिंत बसते, शेताचा बांध बसतो, विहिरीचा काठ बसतो. गॅरेजात काय काय बसतं, याचा पुष्पाला पत्ता नव्हता.

"बसला!" ती किंचाळली. "धावा! बसला!"

झोडणी थांबली. पाड्यावर घराचं आढं चढवायचं असो की चिखलात रुतलेली गाडी काढायची असो, आधी हात लावायचा आणि मग विचारायचं ही रीत. नवसूकाका हातातली पेंढी टाकून धावला, त्याच्यामागे तुका, पोश्या, कमू आणि आणखी चौघे-पाच. कुणी काही विचारलं नाही. ते गाडीच्या उजव्या अंगाला भिडले, पत्र्याखाली हात घातले, नवसूकाकाने "हैऽऽ" केलं, आणि ती अख्खी बाजू वीतभर वर उचलली गेली.

"अरे, काय करता?" आतून रोहिदास ओरडला. "कोण हाय? खाली ठेवा!"

तो बोलतोय. जिवंत आहे. पुष्पाला रडूच आलं. ती डाव्या बाजूला गुडघ्यांवर होती, तशीच वाकून तिने गाडीखाली पाहिलं.

पलीकडून ऊन आत येत होतं. उन्हात ओळीने आठ-नऊ जणांची पावलं दिसत होती, भुशाने माखलेली, बोटं जमिनीत रोवलेली. अलीकडे जॅक कलंडला होता आणि गिअरबॉक्स नुसत्या शाफ्टवर आणि रोहिदासच्या तळहातांवर तोललेला होता. आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे गाडीचा भार टेकायचा, तिथे काही नव्हतं. भार उचलला गेला तसा गोल ओंडका दगडावरून उतरून आत घरंगळत आला होता आणि रोहिदासच्या कोपरापासून हातभर अंतरावर थांबला होता. त्याच्या आणि ओंडक्याच्या मध्ये गिअरबॉक्स होता. त्याला तो दिसत नव्हता. बाहेरच्यांच्या माना वर होत्या, त्यांनाही दिसत नव्हता.

"सोडा रे!" रोहिदास ओरडत होता. "बॉक्स माझ्या हातावर लटकलाय! शाफ्ट वाकंल! गाडी खाली ठेवा!"

"ठेवायची म्हणतो," नवसूकाका धापा टाकत म्हणाला. "ठेवू या काय?"

पुष्पाने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. आपण बोललो नाही तर आता हे लोक गाडी सोडतील, रोहिदास गाडीतला जाणकार, त्याचंच ऐकतील, हे तिला लख्ख दिसत होतं. पलीकडच्या एका पावलाची बोटं सैल झाली.

"हात काढायचा नाय!"

हा आवाज तिच्या वर्गातला होता. पोश्याने आणि तुकाने तो बाकावर बसून ऐकलेला होता.

"कुणी हात काढायचा नाय! पोश्या, धरून ठेव!"

"धरलाय बाई," पोश्या म्हणाला. "पन दादा सोडा म्हणतो."

"तो आत हाय, मी बाहेर हाय. माझा ऐका. ओंडका गेला खालचा. सोडलात तर गाडी त्याच्या छातीवर येल."

पलीकडून नवसूकाका हळूच म्हणाला, "आई गं." आणि सगळी पावलं पुन्हा जमिनीत रुतली.

"रोहिदास, बाहेर ये."

"बॉक्स सोडला तर..."

"पडू दे. बाहेर ये."

"शाफ्ट वाकंल गं!"

"वाकू दे!"

तो यायला तयार नव्हता. सबंध पावसाळा त्याने त्या गिअरबॉक्समध्ये घातला होता, एकेक बेअरिंग काढून, पुसून, बदलून, म्हाताऱ्याच्या कवळीसारखं कापडात गुंडाळून ठेवून. पुष्पाने गोणपाटाची दोन टोकं धरली, पाय गाडीच्या डाव्या ओंडक्यांपासून जपून रोवले आणि मागे अंग टाकलं. गोणपाट हातभर आलं. तिने पुन्हा ओढलं. त्याची कंबर बाहेर आली, मग छाती, मग काळ्या ग्रीसने माखलेला चेहरा, आणि चेहऱ्यावर विलक्षण राग. त्याच वेळी आत धप्पकन आवाज झाला. गिअरबॉक्स पडला होता. मघाशी रोहिदासचा खांदा होता, तिथे सारवलेल्या जमिनीला खड्डा पडला होता.

रोहिदासने मान वळवून आधी खड्डा पाहिला. मग कोपऱ्यातली रिकामी जागा पाहिली, मग ओंडका. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसेल.

"चपटा काय तरी आणा," नवसूकाका ओरडला. "हात तुटतात आता."

कमूने धावत जाऊन भाऱ्यांखाली घातलेला जाड पाट आणला, दोघांनी तो दगडांवर नीट लावला, आणि गाडी हलकेच खाली टेकवली. नऊ जण खळ्यावर जिथल्या तिथे बसले. तळहातांवर पत्र्याच्या कडा उमटल्या होत्या. माघीने पाण्याचा हंडा आणून ठेवला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "धान्याच्या खळ्यावर लोखंड आणला की असाच व्हायचा."

पाणी पिऊन झाल्यावर नवसूकाकाने विचारलं, "पण बसला होता काय?"

रोहिदास जमिनीकडे बघत राहिला.

"गिअरबॉक्स," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे लागला. जागेवर गेला. गॅरेजात बसला म्हणतात त्याला."

मग कमूला हसू फुटलं, तिच्यामागून तुकाला, आणि बघता बघता सगळे पोट धरून हसायला लागले. भीती उतरताना माणसाला तसं हसू येतंच. "बाई, तुमचा मराठी कच्चा निघाला," पोश्या म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. रोहिदासही हसला. पुष्पा उठली, घरामागे गेली आणि केळीच्या बुंध्याशी ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं.

थोड्या वेळाने रोहिदास तिच्यामागे येऊन उभा राहिला. त्याने तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, हाताचं ग्रीस पाहिलं आणि हात मागे घेतला.

"मी तुला आधी सांगायला पायजे होता," तो म्हणाला. "काय ओरडणार ते."

"हं."

"पण एवढी कशी भ्यालीस? मी पुढं काय बोलतो ते तरी ऐकायचा."

शाळेत, इतर शिक्षिकांसमोर, ती त्याचा उल्लेख ‘हे’ असा करायची. घरी सासू-सासऱ्यांच्या रीतीने सरळ ‘तू’. आज तिला दोन्हींतलं काही जमेना. ती केळीच्या पानाकडे बघत बोलली.

"माझा बाप विहिरीत गेला, ते माहीत हाय ना."

"हाय."

"मी नऊ वर्षांची होती. खोडाळ्याच्या पलीकडं आमच्या पाड्याची विहीर खणत होते. मी बापाची भाकरी घेऊन गेली. वरचा माणूस ओरडला, बसला. सगळे धावले. मला कुणीतरी सांगितला, जा, आईला सांग. मी घरी गेली."

खळ्यावर झोडणी पुन्हा सुरू झाली होती.

"आई नागली दळत होती. मी तिला सांगितला, बाबा बसलाय. मला तसाच वाटला. दमला असंल, खाली बसला असंल. आई म्हणाली, बसलाय तर बसू दे. तिनं दळण पुरा केला. पीठ भरून ठेवला. हात धुतले. मग दुसरा माणूस सांगायला आला."

रोहिदास एक पाऊल पुढे आला.

"आई आधी गेली असती तरी काय झाला नसता," पुष्पा म्हणाली. "काठ सगळा खाली आलेला. सगळे तेच म्हणाले. आई मला एका शब्दानं बोलली नाय कधी. पण दळायला बसली की माझ्याकडं बघायची."

"मला कधी सांगितला नायस."

"काय सांगायचा?"

त्याने पुन्हा हात उचलला, आणि या वेळी ग्रीससकट तिच्या खांद्यावर ठेवला. पातळाला पाच काळी बोटं उमटली. ती तिने नंतरही काही दिवस धुतली नाहीत, पण ते नंतरचं.

जेवणं झाल्यावर पोश्याने आपल्या नव्या घरासाठी कापून आणलेल्या चार चौकोनी फळ्या खांद्यावरून आणल्या. नवसूकाकाने स्वतः ओंडके रचले, चारही कोपऱ्यांना हलवून पाहिलं, आणि गोल ओंडका माघीच्या चुलीकडे पाठवून दिला. रोहिदासने गिअरबॉक्स मांडीवर घेऊन शाफ्ट बोटाने फिरवला, एका डोळ्याने रोखून पाहिला. वाकलेला नव्हता. नशीब म्हणायचं की ठाण्याच्या मालकाची पुण्याई, कोण जाणे.

पुन्हा जॅक, पुन्हा फळी, पुन्हा अर्धा आणि पाव. या खेपेला पुष्पाचा पाव बरोबर जमत होता. लोखंड घासलं, थांबलं, पुन्हा घासलं. मग खट्ट झालं. आतून काहीच आवाज आला नाही. पुष्पाचे डोळे त्याच्या पायांवर खिळले. पाय हलले, कंबर सरकली, आणि रोहिदास पुरता बाहेर आला. उठून तिच्यासमोर उभा राहिला. तोंड पुसलं.

"लागला," तो म्हणाला.

तिने मान हलवली. एवढं एक सांगायला माणूस गाडीखालून निघून, उठून, समोर येऊन उभा राहिला, याचं तिला इतकं बरं वाटलं की तिला ओठ चावून धरावे लागले.

सहा बोल्ट होते. पहिला आवळून झाला आणि तो बाहेर आला. दुसरा झाला आणि बाहेर आला. दर वेळी उभा राहायचा, दोन-चार दीर्घ श्वास घ्यायचा, तिच्याकडे बघून मान हलवायचा आणि पुन्हा गोणपाटावर आडवा व्हायचा. पुष्पा मनात म्हणाली, की बोलून दाखवणारा नवरा मिळाला नाही हे खरं, पण हेही काही थोडं नाही. तिसऱ्या बोल्टाला माघी सुपात भात पाखडता पाखडता म्हणाली, "काय रे, घुशीसारखा आत-बाहेर चाललाय?"

"बोल्ट मोठा हाय आय," तो म्हणाला.

"सगळेच मोठे हायेत?"

"सगळेच."

पाचवा बोल्ट आवळून तो बाहेर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. झोडणीची माणसं हातपाय धुऊन घरोघर निघाली होती. मोकळ्या खळ्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला. पुष्पाने त्याला तांब्या दिला.

"पुरे आता," ती म्हणाली. "दर वेळी नको बाहेर येऊस. मी बरी हाय. आतूनच सांग, काय सांगायचा ते. आता नाय मी ओरडायची."

त्याने पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवताना तो दगडावर आपटला, थोडं पाणी सांडलं.

"तुझ्यासाठी नाय येत मी," तो म्हणाला.

"मग?"

त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. माघी घरात गेलीय का ते वळून पाहिलं.

"एका बोल्टाच्या वर आत राहवत नाय. छातीवर काय तरी येतंय असा वाटतो. वीस वर्षं झाली, रोज गाडीखाली जातो. असा कधी झाला नाय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आयला नको सांगू."

पुष्पाने सहज स्वतःच्या पोटावर हात ठेवला. सकाळपासूनचा गोळा तिथे नव्हता. तो केव्हा गेला हे तिला आठवेना. कुठे गेला ते मात्र समोर दिसत होतं. तिला त्याची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली, आणि यांतलं काही बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

"राहिलेला उद्या लाव," ती म्हणाली.

"आज नाय गेलो तर उद्या जाणारच नाय मी. गॅरेजातल्या जीपखाली पण नाय."

पुष्पाने गोणपाट झटकून सरळ केलं आणि ती त्याच्या टोकाशी मांडी घालून बसली.

"जा. मी पाय धरते."

"त्यानं काय होणार?"

"काय नाय होणार."

तो आडवा झाला. गाडीच्या कडेशी त्याचं डोकं आलं तिथे तो अडला, डोळे मिटून घेतले, आणि मग सरकत सरकत आत गेला. पुष्पाने त्याचा उजवा घोटा दोन्ही हातांनी धरला. पाना बोल्टाला लागल्याचा आवाज झाला. जोर लावला की घोट्याची शीर तिच्या अंगठ्याखाली ताठ व्हायची आणि जोर सुटला की ढिली पडायची. ताठ, ढिली. ताठ, ढिली.

"हायेस ना?" आतून त्याने विचारलं.

"हाय."

पाना पुन्हा फिरला. बोल्ट पुरता आवळला जाईपर्यंत त्याने तिला तेच आणखी तीन वेळा विचारलं, आणि तिन्ही वेळा तिने घोटा न सोडता उत्तर दिलं.